मैलाला दहा फूट, मैलाला पाव इंच

नकाशा खोटे बोलत नाही, असे इतिहास शिकवणारे आमचे सहकारी सांगतात. नकाशा म्हणजे साम्राज्याचे कारस्थानच, असे चर्चासत्रांतले समीक्षक मित्र सांगतात. दोघांनीही कोपऱ्यात छापलेले प्रमाण वाचलेले नसते, ही आमची तक्रार.

पेस्ली हे स्कॉटलंडमधील शिवणदोऱ्याच्या गिरण्यांचे गाव. १८५८ साली ते १:५०० या प्रमाणात मोजले गेले. म्हणजे जमिनीवरचा मैल कागदावर सुमारे साडेदहा फूट. या मालिकेतील नकाशांवर घरांच्या भिंती तर आहेतच, रस्त्यावरचे दिव्याचे खांब आहेत, चर्चमध्ये किती जण बसू शकतात तो आकडाही आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते सर्वांना पाहण्यासाठी खुले केले आहेत. त्याच शतकात ‘इंडियन ॲटलस’साठी आपला देश तांब्याच्या पत्र्यावर कोरला गेला, तो चार मैलांना एक इंच या मापाने. १९०५पर्यंत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव ‘वणी’ होते, इंग्रजी दप्तरात ‘वून’. या मापात त्यातली खेडी म्हणजे टिंबे.

शहराचा आराखडा आणि देशाचा ॲटलस यांची तुलना अन्यायाची आहे, हे आम्हांस मान्य आहे. आमच्या आखूड धाग्याच्या कापसावर पेस्ली उभी राहिली, असला सवंग दावाही आम्ही करणार नाही. पण बारकाईची ऐपत राज्यकर्त्यांकडे नव्हती असे नाही. १८६०नंतर याच वऱ्हाडात साखळी टाकून वावर न् वावर मोजले गेले, सर्व्हे नंबर पडले, आकार ठरला. पेस्लीत माणूस बसतो कोठे हे टिपले गेले. वऱ्हाडात तो सारा किती भरील हे.

येथवर टाळ्या मिळतात. पुढचे मात्र आपल्याच घरातले आहे. आपल्या सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना आहे. एकदा वर्गात आम्ही मुलांना घरचा सातबारा आणायला सांगितला. बहुतेकांचा तो रकाना कोरा! विचारले तेव्हा मात्र मुले भडाभडा बोलू लागली: इहिरीचं वावर, नाल्यावरलं, बोरीचं. घरी रोज बोलले जाणारे हे शब्द तलाठ्याने विचारले नाहीत, बापाने सांगितले नाहीत आणि मराठीच्या प्राध्यापकांनी, म्हणजे आम्हीही, कधी वाङ्मयाचा विषय मानले नाहीत. ‘महाभूनकाशा’वर आज कोणालाही आपल्या शेताची हद्द पाहता येते, तेथेही फक्त गट क्रमांक.

२०१९ साली यवतमाळात साहित्य संमेलन झाले, २०२४ साली मराठी अभिजात ठरली. आनंदच आहे. तिकडे वणी तालुक्यात उकणी, नीलजई, कोलारपिंपरी ही गावांची नावे आता खुल्या कोळसाखाणींचीही नावे आहेत. खुल्या खाणीत वावराची नुसती मालकी बदलत नाही. मातीच उचलून ढिगावर जाते. संपादनाच्या कागदांत गट आणि क्षेत्र उरते. ‘बोरीचं वावर’ ज्या म्हातारीच्या तोंडी आहे, तिच्याकडे कोणी वही घेऊन गेलेले नाही.

प्रकल्पासाठी विषय सुचत नाही म्हणून दरवर्षी विद्यार्थी आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्यांना ‘ग्रामीण कादंबरीतील निसर्ग’ देऊन वाटेला लावतो. यंदा त्यांच्या हाती गावनकाशाची प्रत आणि एक कोरी वही द्यावी, असे आम्ही विभागाच्या बैठकीत मांडले आहे. अभ्यासक्रमात हे बसत नाही, असे उत्तर आले. कोणत्या अभ्यासक्रमात, ते आम्ही लेखी विचारले आहे.