चौथा डबा

मैत्रिणींनो, सणासुदीची साफसफाई काढली, की माळ्यावरून आणि फडताळातून काय काय खाली येतं याची एकदा यादी करून पाहा. तळाशी वाळलेला ऑइलपेंटचा डबा, गेलेली ट्यूब, रेडिओतले आणि रिमोटमधले फुगलेले सेल, मुदत संपलेली औषधं, झुरळांच्या औषधाची अर्धी बाटली, सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया, केसांच्या कलपाची उरलेली ट्यूब. शेती असेल, तर फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे वेगळेच.

याचं करायचं काय, असा विषय मध्ये एकदा आम्हां बायकांत निघाला. एक म्हणाली, “मी सगळं पिशवीत गाठ मारून घंटागाडीत टाकते.” दुसरी म्हणाली, “आम्ही बंबात घालतो बाई, पाणीही तापतं नि कचराही जातो.” तिसरीने परसात खड्डा काढला आहे. तिघींचीही घरं आरशासारखी लख्ख! पण आपल्या घरातून गेलेली वस्तू पुढे कुणाच्या तरी हातात, नाकात नाहीतर पाण्यात जातेच, हे तिघींच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

हात कुणाचा, ते आधी पाहू. गाठ मारलेली पिशवी पुढे कुणीतरी हातानेच सोडतं. बहुतेक ठिकाणी ते काम बायाच करतात. सुई टोचली, तर जखम दोन दिवसांत भरते, पण वापरलेल्या सुईतून काविळीचा ‘बी’ प्रकार अंगात शिरू शकतो. बंबात घातलेलं प्लॅस्टिक, रंग, सेल यांचा विषारी धूर प्रथम आपल्याच न्हाणीत कोंडतो. आणि आपल्या आजऱ्याचा पाऊस तर तुम्हांला माहीतच आहे! उघड्यावर किंवा खड्ड्यात टाकलेलं रसायन पाण्याबरोबर मुरतं नाहीतर ओढ्याला लागतं. ओढा मिळतो हिरण्यकेशीला, आणि हिरण्यकेशी पुढे गडहिंग्लज, संकेश्वरकडे जाते. आपण टाकलं ते खालच्या गावच्या घागरीत.

म्हणून सरकारने अशा कचऱ्याला वेगळं नाव दिलं. 2016 च्या घनकचरा नियमांत तो ‘घरगुती घातक कचरा’ होता. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, जुनी औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सेल, सुया ही नावं त्यात स्पष्ट दिली होती. दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र उघडावं, त्याची वेळ लोकांना कळवावी आणि माल सुरक्षितपणे विल्हेवाटीच्या ठिकाणी पोचवावा, ही जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. आता 1 एप्रिल 2026 पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यांत घरच्या कचऱ्याचे चार वाटे सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’. हा चौथा वाटा म्हणजेच आपल्या माळ्यावरचं सामान.

तेव्हा घरात एक चौथा डबा करा. झाकणाचा, जाड प्लॅस्टिकचा, मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर. स्वयंपाकघरात आणि चुलीजवळ नको. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हात लावू नका’ असं लिहून ठेवा. डबा भरायला चार-सहा महिने सहज लागतील. आता कोणती वस्तू कशी ठेवायची, ते सांगते.

सुया आणि ब्लेड : फिरकीच्या झाकणाची जाड बाटली घ्या. सुई वापरली, की तशीच बाटलीत सोडा. सुईला पुन्हा टोपण लावायला जाऊ नका, बोटाला टोचते ती नेमकी तेव्हाच. बाटली पाऊण भरली, की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा.

ट्यूब आणि सीएफएल दिवे : यांत थोडासा पारा असतो. नवी ट्यूब आणली, की तिच्याच खोक्यात जुनी घालून ठेवावी, म्हणजे फुटत नाही. फुटलीच, तर मुलांना बाहेर काढा, पंखा बंद करून खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग जाड कागदाने काचा गोळा करा. बारीक कण ओल्या कागदाने टिपून सगळं झाकणाच्या बरणीत ठेवा. केरसुणी फिरवू नका.

पाऱ्याचा थर्मामीटर : एका थर्मामीटरमध्ये एका सीएफएल दिव्याच्या शंभरपटीहून जास्त पारा असतो. तो फुटला, तर आधी हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढा. पारा सोन्याला धरतो, मग सोनं पांढरं पडून खराब होतं. गोळ्या पत्त्याने एकत्र लोटून काचेच्या बाटलीत भरा. मोरीत धुऊन टाकू नका. गंमत म्हणून मुलं पाऱ्याशी खेळतात, तेही होऊ देऊ नका.

औषधं : गोळ्या संडासात किंवा मोरीत टाकू नयेत. त्यांच्याच पट्टीत राहू द्याव्यात आणि एका पिशवीत घालून डब्यात ठेवाव्यात. कागदावर रुग्णाचं नाव असेल, तर खोडावं. केरळ सरकारने 2025 साली कोळिकोडपासून घरोघरची जुनी औषधं गोळा करायची योजना सुरू केली. आपल्याकडे का होऊ नये?

रंग, ॲसिड, कीटकनाशकं : ज्या डब्यात आली, त्याच डब्यात राहू द्या. जागा वाचवायला दोन उरलेली औषधं एकत्र ओतू नका. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरिन वायू सुटतो, आणि मोरीसारख्या कोंदट जागी तो जिवावर बेततो. फवारणीच्या रिकाम्या डब्यात पाणी, तेल, धान्य काहीही भरू नका, कितीही घासला तरी!

सेल : मोबाइलच्या आणि चार्जिंगच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा. गाडीत दाबले गेले, तर ते पेट घेतात.

यातलं काही भंगारवाल्याला विकायचा मोह होतो. पण भंगारवाला तरी काय करणार? 2001 साली तमिळनाडूत कोडाईकॅनॉलच्या थर्मामीटर कारखान्यातला पारा लागलेला काचेचा माल गावातल्या भंगाराच्या दुकानात उघड्यावर सापडला, आणि कारखाना बंद झाला. कारखान्याच्या मालाचं असं होतं, तर आपल्या ट्यूबचं काय!

सॅनिटरी पॅडचा डबा मात्र वेगळा, बरं का. पुण्यात कचरावेचक बायांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने साधी गोष्ट सांगितली : पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. ठिपका पाहिला, की ती पुडी कुणी उघडत नाही. खर्च शून्य, आणि दुसऱ्या बाईचा मान राहतो.

आता खरा प्रश्न. घरात डबा भरला, पुढे काय? घरी चार वाटे केले आणि गाडीत सगळं एकाच हौद्यात पडलं, तर आपली मेहनत फुकट. महाराष्ट्रात असा माल घेणारी मोठी केंद्रं रांजणगाव, तळोजा आणि बुटीबोरी इथे आहेत. रांजणगाव आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या वर. एका लहान गावाचा माल तो केवढा, आणि त्यासाठी एवढा लांब ट्रक कसा परवडणार? म्हणून आजरा, गडहिंग्लज, चंदगड या गावांनी माल सुरक्षित साठवून वर्षातून एक-दोनदा मिळून पाठवला, तर खर्च वाटला जाईल.

लहान गावाला जमत नाही, असं कुणी म्हणालं, तर वेंगुर्ल्याचं नाव घ्या. आंबोली घाट उतरलं, की फार लांब नाही. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या कचरा डेपोचं ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झालं. घराघरांतून कचरा वेगवेगळा येऊ लागला, आणि लोक डेपो पाहायला सहली काढून जाऊ लागले.

तेव्हा महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक अर्ज लिहा. नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना पाच गोष्टी विचारा : हा कचरा कोणत्या दिवशी घेणार? गाडीला वेगळी, झाकणाची पेटी आहे का? माल साठवायची जागा छपराखाली आहे का? पुढे कोण आणि कुठे नेतं? आणि गाडीवरच्या माणसांना जाड हातमोजे मिळतात का? अर्ज दोन प्रतींत करावा, एका प्रतीवर पोच घ्यावी आणि ती फाइलला लावावी. महिनाभराने पुन्हा जावं. नुसतं “बघू” म्हणाले, तर तारीख विचारावी. बायका चार जणी मिळून गेल्या, की उत्तर लवकर मिळतं.

उत्तर येईपर्यंत डबा घरात राहू द्या. आणि आजच्या आज एक काम करा : सुयांची बाटली वेगळी काढा. ती काढायला पाच मिनिटं लागतात, आणि उद्या सकाळी घंटागाडीवर येणाऱ्या बाईचा हात वाचतो.