शेजाऱ्याचा ग्रंथ

‘परधर्माचे ग्रंथ वाचले की श्रद्धा ढळते,’ असे आपल्या काही घरांत अजूनही मुलांना बजावले जाते. त्यांनी धुळ्याचा तुरुंग आठवावा. तेथे १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन देत आणि अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी ते टिपून घेत. याच विनोबांनी ख्रिस्तधर्माचे सार सांगणारे पुस्तक सिद्ध केले. आपल्या नाममालेत येशूच्या नावाबरोबर चीनचा ‘ताओ’, म्हणजे ‘मार्ग’, हाही गुंफला. त्यांची गीता त्यामुळे सुटली काय?

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच सांगितले. शेजाऱ्याने आपले शुभवर्तमान वाचावे, पण आपण त्याचा ग्रंथ उघडू नये, हा कुठला न्याय? धर्मग्रामाच्या कपाटात बायबलशेजारी गीता आणि ‘ताओ ते चिंग’ही ठेवा. मुलांच्या शंका आपल्यासमोरच निघू द्या.