फूट कशावरून पडली, ते आधी विचारा

2022 च्या जूनमध्ये शिवसेना फुटली. 2023 च्या जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. तेव्हापासून बैठका कुठेही असोत, एक प्रश्न ठरलेला असतो : आता आपण कुणीकडे? भावांनो आणि मायबहिणींनो, आमच्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. आधीचा प्रश्न, फूट कशावरून पडली?

घर दोन तऱ्हांनी फुटते. एका घरात एक भाऊ म्हणतो विहीर खणू, दुसरा म्हणतो बैलजोडी घेऊ. वाद शेतीचा असतो. दुसऱ्या घरात वाद एवढाच, की सातबारावर नाव कुणाचे. तिथे शेत पडीक राहिले तरी कुणाला सोयरसुतक नसते. पक्षांचेही तसेच आहे. 2022 आणि 2023 च्या फुटींत सगळेच गट विचारांची भाषा बोलले. पण निवडणूक आयोगापुढे आणि सुप्रीम कोर्टात भांडण चालले ते पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचे आणि आमदार किती, याचे. कापसाच्या भावावरून कुणी आमदार इकडचा तिकडे गेला, असे काही ऐकिवात नाही.

विचारावरून फुटणारे पक्षही या महाराष्ट्राने पाहिले आहेत. त्यासाठी जरा कोकणात जाऊ. सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यात वालावल नावाचे गाव आहे. भाताचे, माडांचे गाव. आपल्या कपाशी-ज्वारीशी त्याचा संबंध नाही. पण हा मुलूख पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात होता आणि त्या मतदारसंघाचा इतिहास आपण वाचावा असा आहे.

1957, 1962 आणि 1967 असे तीनदा इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. 1971 च्या जानेवारीत ते गेले. त्यानंतर प्रा. मधु दंडवते 1971 पासून 1989 पर्यंत ओळीने पाच निवडणुका जिंकले. या काळात समाजवाद्यांचे घर किती वेळा फुटले? 1954 साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचेच सरकार असताना तमिळ भाषिकांच्या आंदोलनावर गोळीबार झाला. डॉ. लोहिया पक्षाचे सरचिटणीस होते. ते म्हणाले, आपल्या सरकारने गोळी चालवली, सरकारने राजीनामा द्यावा. या वादातून 1955 साली पक्ष फुटला. 1964 साली दोन्ही गट एक झाले, वर्ष उलटण्याच्या आत पुन्हा वेगळे झाले. 1979 साली जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे पक्ष आणि संघ असे दोन्हीकडे राहता येते का, हा वाद पेटला. मधु लिमये बाहेर पडले, दंडवते जनता पक्षात राहिले.

राजापूरच्या मतदाराने आधी झोपडीवर शिक्का मारला, मग नांगरधारी शेतकऱ्यावर, मग चक्रावर. चिन्हे बदलली. समोरचा माणूस लोकसभेत काय बोलतो आणि त्याचे हात स्वच्छ आहेत का, ही कसोटी बदलली नाही. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दर वादाला वेगळी चूल मांडून समाजवाद्यांची राज्यभरातली ताकद आटत गेली. 1991 साली दंडवतेही हरले. तत्त्वासाठी फुटले तरी किंमत पडतेच.

कापूसवाल्यांनी तर अमेरिकेची गोष्ट पाठच करावी. तिथल्या दक्षिणेत 1880-90 च्या सुमारास कपाशी उभी असतानाच ती उधार देणाऱ्या दुकानदाराच्या नावे लागलेली असे. भाव वर्षानुवर्षे घसरत होते. शेतकऱ्यांच्या संघटनेने मागणी केली, सरकारने गोदामे बांधावीत, माल तिथे ठेवून किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत स्वस्त कर्ज द्यावे, म्हणजे सुगीत माल मातीमोल विकावा लागणार नाही. 1892 साली या शेतकऱ्यांनी स्वतःचा पीपल्स पार्टी हा पक्ष काढला. पहिल्याच अध्यक्षीय निवडणुकीत त्याला दहा लाखांवर मते पडली.

मग 1896 साल आले. डेमोक्रॅटिक पक्ष आतून फुटलेला होता. एक गट सोन्याच्या चलनाचा, म्हणजे सावकार-बँकांना सोयीचा. दुसरा म्हणत होता चांदीचेही नाणे पाडा, चलन वाढेल, भाव चढतील, कर्जाचे ओझे हलके होईल. चांदीवाल्यांनी ब्रायन यांना उमेदवार केले. शेतकऱ्यांच्या पक्षापुढे पेच पडला. त्यांच्यामागे जावे की वेगळे लढावे? त्यावरून हा पक्षही दुभंगला. शेवटी त्यांनी ब्रायन यांनाच उमेदवारी दिली. डेमोक्रॅटांनी चांदी उचलून धरली, गोदामाची मागणी बाजूला पडली. ब्रायन हरले आणि शेतकऱ्यांचा पक्ष काही वर्षांत विरून गेला. काळे आणि गोरे कापूस उत्पादक जिथे एकत्र येऊ लागले होते, तिथेही वर्णाची भिंत पुन्हा उभी केली गेली. पुढे 1933 साली तिथल्या सरकारने माल तारण घेऊन कर्ज द्यायला सुरुवात केली. मागणी खरी होती. पण ती लावून धरणारी संघटना तेव्हा उरली नव्हती.

आपल्या घराकडेही पाहू. शेतकरी कामगार पक्ष काँग्रेसमधून बाहेर पडला आणि पुढे त्याचे संस्थापक जेधे, मोरे काँग्रेसमध्ये परतले. पण त्याच पक्षात राहून सांगोल्याच्या ज्वारीच्या मुलखातून गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले. शेतकरी चळवळही डंकेल प्रस्तावावरून दुभंगली. शरद जोशी म्हणाले बाजार खुला होऊ द्या, नंजुंडस्वामी म्हणाले त्यात शेतकरी मरेल. तो वाद खरा होता, शेतीचा होता. नंतरच्या सगळ्याच फुटींबद्दल तसे म्हणता येणार नाही.

म्हणून यापुढे कुणी पक्ष सोडून गावात मते मागायला आला, तर हार घालण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा. कोणत्या मागणीसाठी बाहेर पडलात? ती मागणी लेखी कुठे आहे? नव्या घरात ती मान्य झाली का? उत्तर कापूस, ज्वारी, पाणी, कर्ज यांच्याबद्दल असेल तर बसवून घ्या, वाद घाला. उत्तर नुसते पदाचे आणि मानापमानाचे असेल, तर त्यांच्या भांडणात आपण गावात दोन तट पाडून घेऊ नका. कापूस एकाच काट्यावर तोलला जातो. तिथे घट धरताना कुणी पक्ष विचारत नाही.