पेशी उतरण्याचे दिवस

डेंग्यूने आपल्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला एक शब्द चांगलाच शिकवला. तो म्हणजे 'पेशी'. पेशी कमी झाल्या असे कानावर आले की नातलग पपईच्या पानांचा रस घेऊन दारात हजर. आमच्या आईची केमोथेरपी सुरू झाली तेव्हाही तेच झाले. माया खरी होती, पण दुखणे वेगळे होते. डेंग्यूत आपण ज्यांना पेशी म्हणतो त्या प्लेटलेट, रक्त थांबवणाऱ्या. केमोची औषधे हाडांच्या आतल्या मज्जेलाच दाबतात, म्हणून तिथे तयार होणाऱ्या तिन्ही प्रकारच्या पेशी उतरतात. तांबड्या उतरल्या की दम लागतो, प्लेटलेट उतरल्या की हिरड्यांतून रक्त येते. पण पांढऱ्या पेशींचा तुटवडा डोळ्यांना दिसत नाही, आणि जिवावर सर्वांत लवकर तोच बेततो. पपईच्या रसाने तो भरून येत नाही.

आपली खरी अडचण अंतराची आहे. कुणी मुंबईच्या टाटाला जातो, कुणी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, तर लातूरकडचे बार्शीला. केमो घेऊन रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततो. पेशी तळाला जातात त्या बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसांत. म्हणजे मोठे डॉक्टर तिकडे, आणि धोक्याचे दिवस इकडे किनवट, मुखेड, उदगीर, निलंग्याच्या घरात.

आम्ही पडलो कारकून, वैद्यकीतले आम्हाला काय कळणार? पण एक हिशेब कुणालाही जमण्यासारखा आहे. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा असतो आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी असते. एकूण १८०० आणि न्यूट्रोफिल २५ टक्के, तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी ४५०. हा आकडा ५०० च्या खाली गेला की धोका मोठा. लढणारेच नाहीत, मग पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. कित्येकदा तेवढा ताप येतो.

म्हणून घरात थर्मामीटर पाहिजेच. १००.४ अंश फॅरेनहाइट दिसले की पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. त्या गोळीने ताप झाकतो, जंतू मरत नाहीत. रात्रीचे दोन वाजले असले तरी विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय किंवा लातूरचे शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे आणि दारातच सांगावे, "केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली." शिरेतून द्यायचे अँटिबायोटिक पोहोचल्यापासून तासाभरात सुरू झाले पाहिजे. केमोचे कागद एका पिशवीत घालून ती खुंटीला लावून ठेवावी.

गल्लीतल्या डॉक्टरकडून कमरेत सुई घेण्याची आपली जुनी खोड या दिवसांत सोडावी. प्लेटलेट कमी असताना सुईच्या जागी आत रक्त साकळते. आयाबायांनी मिश्रीही बंद करावी. (आईने ती सोडली, पण आमच्याशी चार दिवस अबोला धरला.)

भेटायला येणाऱ्यांना अडवणे सर्वांत अवघड. आजाऱ्याला पाहायला न जाणे आपल्याकडे माणुसकीला सोडून समजतात. सर्दी-खोकला घेऊन आलेल्या आत्याबाईंना आम्ही अंगणातूनच बोलायला सांगितले. त्या रुसल्या. रुसवा पुढे काढता येतो.

पांढऱ्या पेशी वाढवणारे फिलग्रास्टिम नावाचे इंजेक्शन आहे. ते कुणाला द्यायचे हे केमोचे डॉक्टरच ठरवतात. घरी न्यायला दिले तर फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. ते घेतल्यावर हाडे दुखतात, घाबरू नये.

आता रक्ताचे. १४ एप्रिलला आपल्या वस्त्या-वस्त्यांतून रक्तदान शिबिरे होतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण प्लेटलेटची पिशवी पाच दिवसच टिकते. जयंतीला दिलेल्या प्लेटलेट मे महिन्यात कुणाच्याच कामाच्या नाहीत. केमोच्या रुग्णाच्या प्लेटलेट साधारण १०,००० च्या खाली गेल्या की त्या बाहेरून द्याव्या लागतात, आणि तेव्हा दाता त्याच दिवशी लागतो. एका दात्याच्या यंत्राने काढलेल्या प्लेटलेट साध्या पाच-सहा पिशव्यांइतक्या भरतात. ही सोय कोणत्या रक्तपेढीत आहे, याची चौकशी केमोच्या पहिल्या आठवड्यातच करावी.

विहारात एक वही ठेवता येईल. त्यात नाव, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहावी. पुढच्या रकान्यात पुरुषांसाठी ९० आणि महिलांसाठी १२० दिवसांनंतरची तारीख टाकावी.