गाय सारखी उलटतेय? दोष फक्त गाईचाच असेल असं नाही

गाय भरवली, २१ दिवस वाट पाहिली आणि ती पुन्हा माजावर आली. भोकरदन तालुक्यातल्या दूध उत्पादकांना हा अनुभव नवा नाही. असं तीन-चार वेळा झालं की गाय 'उलटी' ठरते आणि बाजाराची वाट धरते. तोवर चाऱ्याचा खर्च चालूच, दूध मात्र नाही.

पण गाभण राहण्यात वळूचाही अर्धा वाटा असतो. कृत्रिम रेतनात तो वाटा एका अतिशय पातळ पडद्यावर अवलंबून असतो. हा पडदा चरबीचा असतो.

हा पडदा करतो काय?

शुक्राणूभोवतीचं आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉलचं असतं. कोलेस्टेरॉल त्याला घट्ट ठेवतं. शुक्राणू गाईच्या गर्भमार्गात पोहोचला की त्यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल निघून जातं आणि पडदा सैल होतो. त्यानंतरच शुक्राणू बीजांडात शिरू शकतो. शुक्राणूला आधी हा बदल लागतो, हे १९५१ मध्ये ऑस्टिन आणि चँग या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं काम करून दाखवलं.

म्हणजे पडदा आधी घट्ट हवा आणि नंतर सैल. वेळ चुकली की शुक्राणू वाया जातो.

गोठवल्यावर काय बिघडतं?

थंडीत खोबरेल तेल गोठतं, पण शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं. पडद्यातल्या चरबीचंही तसंच आहे. काही भाग लवकर गोठतो, काही उशिरा. त्यामुळे पडद्याला फटी पडतात, आत कॅल्शियम शिरतं आणि पडदा वेळेआधीच सैल होतो. शिवाय ही चरबी तेलासारखी खवटही होते. म्हशीच्या रेड्याचे शुक्राणू तर वळूच्या शुक्राणूंपेक्षाही नाजूक असतात.

यावर दोन उपाय सापडले. अंड्याच्या बलकातली चरबी पडद्याचं संरक्षण करते. ग्लिसरॉल गोठताना होणारी इजा कमी करतं. ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी मांडला. तरीही बरेच शुक्राणू मरतात. म्हणूनच साध्या रेतकांडीत साधारण २ कोटी शुक्राणू भरतात.

मग भोकरदनचा प्रश्न कुठे येतो?

रेतकांड्या हर्सूल किंवा उरुळीकांचनसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत तयार होतात. तिथून गोठ्यापर्यंत त्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहायला हव्यात. जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. कंटेनरमधला नायट्रोजन कमी झाला, किंवा कांडी शोधताना ती पुन्हा पुन्हा वर काढली, तर पडदा फाटत जातो. बाहेरून कांडी तशीच दिसते.

उन्हाचा फटका गावातल्या वळूलाही बसतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यातल्या उष्णतेचा परिणाम पावसाळ्यातही दिसू शकतो.

राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४ पासून सुरू आहे. २०१९ पासून घरपोच मोफत रेतनाची मोहीमही देशभर राबवली गेली. पण रेतनांचा आकडा वाढला म्हणून वासरांचा आकडा आपोआप वाढत नाही. कांडीतला शुक्राणू गोठ्यापर्यंत धडधाकट पोहोचला तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

पशुपालकांनी काय पाहावं?

• कंटेनरमध्ये पुरेसा नायट्रोजन आहे का, हे विचारा.
• कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद ठेवली का, ते पाहा. नुसती हातावर चोळून किंवा खिशात ठेवून चालत नाही.
• एकदा वितळलेली कांडी परत नायट्रोजनमध्ये टाकू देऊ नका.
• कांडीवरचा वळूचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. एकाच क्रमांकाच्या कांडीवर अनेक गाई उलटल्या, तर ही नोंद दवाखान्यात दाखवा.
• सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाय भरवा.

गर्भाशयाचा संसर्ग, खनिजांची कमतरता किंवा चुकलेली वेळ हीसुद्धा गाय उलटण्याची कारणं असतात. त्यामुळे तिसऱ्यांदा उलटली तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. गाय विकायचा निर्णय त्यानंतर.