प्लास्टरपूर्वीची तपासणी

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या सान्निध्यात वसलेल्या महाडात, आणि औद्योगिक वसाहतीमुळे वाढत चाललेल्या बिरवाडीच्या परिसरात, घर बांधणारा गृहस्थ फरशीच्या रंगासाठी चार दुकाने पालथी घालतो. परंतु शौचालयातील मैला आणि दूषित वायू ज्या वाटेने जावयाचे, त्या पाइपांची व जोडसामानाची निवड मात्र मिस्त्रीच्या मर्जीवर सोपवून तो निश्चिंत होतो. हे औदासीन्य घातक आहे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी घरमालकाइतकीच नगरपरिषदेची व ग्रामपंचायतीचीही आहे.

भांड्याखालच्या ट्रॅपमध्ये जे थोडे पाणी सदैव साठून राहते, ते घर आणि सेप्टिक टाकी यांच्यामधला एकमेव अडसर होय. १७७५ साली लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने ज्या वाकड्या नळीचे पेटंट घेतले, तिचे सारे मर्म या साठलेल्या पाण्यात आहे. वरच्या मजल्यावरून वेगाने उतरणारे पाणी आपल्यामागे हवा ओढते, आणि ती हवा व्हेंट पाइपातून मिळाली नाही, तर खालच्या ट्रॅपमधले पाणी शोषले जाऊन टाकीतील हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू थेट न्हाणीघरात शिरतो. म्हणून व्हेंट छपराच्या वर, खिडक्यांपासून दूर न्यावा व त्यावर जाळीचे काउल बसवावे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात वायू मातीत जिरत असल्यामुळे तेथे व्हेंट लागत नाही. सेप्टिक टाकीला मात्र तो अपरिहार्य आहे.

भारतीय मानक १३५९२ अन्वये 'ए' प्रकारचा पाइप वायुवीजन व पावसाच्या पाण्यासाठी, तर अधिक जाड 'बी' प्रकार मैल्यासाठी ठरविलेला आहे. तो प्रकार पाइपाच्या अंगावरच छापलेला असतो, तेव्हा खरेदीच्या वेळी तो वाचून घेण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आडव्या पाइपाला ११० मिलिमीटरचा व्यास व मीटरमागे सुमारे अडीच सेंटिमीटर उतार असावा. जोड सरळ टीने न करता वाय आणि ४५ अंशांच्या बेंडने करावा, आणि वळणावर डोअर बेंड घालावा, म्हणजे पाइप तुंबल्यास झाकण उघडून सळई घालता येते.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, हे येथे कोणाला सांगावयास नको. अशा सखल जागी तळमजल्याच्या शौचालयांच्या स्वतंत्र पाइपावर, सहज उघडता येईल अशा चेंबरमध्ये, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसविला नाही, तर पुराच्या दाबाने टाकीतील मैला भांड्यातूनच घरात उसळतो.

माझी मागणी एवढीच आहे की, मंजूर नकाशात व्हेंट व मैलावाहक पाइपांचा आराखडा सक्तीचा असावा, भिंतीला प्लास्टर होण्यापूर्वी पाइपाचे खालचे तोंड बंद करून व पाणी भरून गळतीची तपासणी व्हावी, आणि या तपासणीच्या नोंदीशिवाय भोगवटा दाखला देऊ नये. प्लास्टर झाल्यावर हीच चूक दुरुस्त करावयाची म्हणजे भिंत फोडणे आले.

येथे केवळ सोयीचा प्रश्न नाही. ज्या महाडात १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणुसकीच्या हक्कासाठी चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, त्या महाडात निकृष्ट जोडणीपायी एखाद्या माणसाला मैल्यात उतरावे लागणे, २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध ठरविल्यानंतरही, आपण सहन करता कामा नये. आणि त्यासाठी आवश्यक असलेली तजवीज पाया खोदतानाच झाली पाहिजे.