कालचे साहेब, आजचे सल्लागार

दिवाळीच्या फराळाशी सरकारी नियमांचा विषय काढणे म्हणजे करंजीत खडा घालण्यासारखे आहे, हे मी जाणून आहे. पण वाचकहो, दाराशी जी दिव्यांची माळ आपण लावली आहे, तिच्या विजेचा करार सरकारतर्फे कोण करतो आणि करताना त्याचा डोळा कुठे असतो, हा प्रश्न घरातलाच आहे. आम्हां रत्नागिरीकरांना तर तो चांगलाच ठाऊक आहे.

आमच्या गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला; नाव मात्र घेतले खाडीपलीकडच्या दाभोळचे. १९९३ साली राज्य विद्युत मंडळाशी करार झाला. १९९५ साली युती सरकारने तो मोडला, १९९६ साली पुन्हा जुळवला. १९९९ साली वीज सुरू झाली आणि २००१ साली, ती परवडेना म्हणून, मंडळाने घेणे थांबवले. त्याच वर्षाअखेर तिकडे अमेरिकेत कंपनीचेच दिवाळे वाजले.

या कंपनीच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले, की भारतीयांचे 'शिक्षण' आणि प्रकल्पाची तयारी यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. मी पेशाने मास्तर. हा वर्ग कुठे भरला, विद्यार्थी कोण होते आणि हजेरीपट कुठे आहे, हे विचारण्याचा मला हक्कच आहे! पण हजेरीपट मिळायचा कुठून? सरकारदरबारी कोणाची रदबदली करायला कोण आले, याची नोंद सक्तीची करणारा कायदा आपल्याकडे आजही नाही. अमेरिकेत तो आहे.

तरी तिथेही भिंतीला भगदाड आहेच. फ्रँक विस्नर हे १९९४ ते १९९७ अमेरिकेचे भारतातील राजदूत. त्यांच्या कारकिर्दीत अमेरिकी सरकारने दाभोळ प्रकल्पाची बाजू उघडपणे लावून धरली. १९९७ साली ते पदावरून उतरले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्याच एका तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर बसले. त्यांनी कायदा मोडला असे मी म्हणत नाही. कायदा न मोडता हे करता येते, हेच तर दुखणे आहे.

आता आपले घर पाहू. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला खाजगी कंपनीत जायचे असेल तर निवृत्तीनंतर एक वर्ष सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. ती निम्मी झाली. परवानगी कोण देणार? कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा घेतला तीच मंडळी. आणि ठराविक दिवसांत सरकारने नकार कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे धरायचे! म्हणजे फाइल टेबलावर झोपली की साहेबांचे काम झाले. गरिबाची फाइल झोपली तर मात्र त्याचे रेशनकार्ड अडते.

नुकसान निवृत्तीनंतर होते असे समजू नका. ते आधीच होऊन चुकते. उद्याची खुर्ची ज्याच्या हाती, त्याच्या करारावर आज सही करणाऱ्याचा हात कठोर कसा राहील? लाच घ्यायलाच नको, आशा पुरते. शाळेतसुद्धा ज्याचा मुलगा परीक्षेला बसला आहे, त्याला आपण पेपर काढू देत नाही. तो बेइमान आहे म्हणून नव्हे, तो माणूस आहे म्हणून.

घटनाकारांना हे कळत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. महालेखापालाला पुढे सरकारी पद घेता येत नाही. त्या वेळी कोणी म्हणाले नाही, की यांच्या पोटावर पाय येतो.

काही विद्वान विचारतात, अधिकाऱ्यांचे अनुभवाचे भांडार वाया घालवायचे काय? मुळीच नाही! दाभोळच्याच भानगडीची चौकशी २००१ साली माधव गोडबोले यांच्या समितीने केली आणि साऱ्या शासनव्यवस्थेच्या अपयशावर बोट ठेवले. गोडबोले निवृत्त सनदी अधिकारीच होते. अनुभव असा लोकांच्या कामी येतो. वर पेन्शन आहेच, आणि ते आपल्या करातून जाते.

मागणी एवढीच आहे. ज्या खात्याशी ज्या कंपनीचा व्यवहार, तिच्या दारात त्या खात्याच्या माणसाने पाच वर्षे पाऊल टाकू नये. सरकारचे मौन म्हणजे नकार समजावा. परवानगी दिलीच तर ती कारणांसह जाहीर छापावी. आणि मंत्रालयात रदबदलीला येणाऱ्यांचा हजेरीपट ठेवावा. तो कोणाही नागरिकाला पाहता यावा.

कुंपण शेत खाते, ही म्हण आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. निवृत्तीनंतर आपण शेत खाणाऱ्याच्याच घरी राहायला जाणार, हे ज्या कुंपणाला आधीच ठाऊक आहे, त्याच्या भरवशावर शेत टाकून शेतकऱ्याने झोपू नये.